तीन मोकळी घरं

वृषाली कुंभोजकरच्या नावात तीन अक्षरं आहेत आणि तिन्ही अक्षरांना काही ना काही लटकलेलं आहे. पहिल्याला ऋकार, दुसऱ्याला काना, तिसऱ्याला दीर्घ वेलांटी. नाव ठेवलं तिच्या वडिलांनी. अण्णा कुंभोजकर बुधगावच्या शाळेत चौतीस वर्षं मराठी शिकवत होते, आणि साधंसरळ नाव ठेवणं त्यांना शब्दकोशाचा अपमान वाटायचा. बाकीच्या मुली पाटीवर नाव लिहून मोकळ्या व्हायच्या तेव्हा ही दुसऱ्या अक्षरावर असायची. त्या नावाचा तिला लहानपणी फार राग यायचा. छत्तिसाव्या वर्षी त्याच नावाने तिचे डोळे भरून आले, त्याची ही गोष्ट.

सांगलीत लग्नपत्रिका छापणाऱ्या एका प्रेसच्या वर तीन खोल्यांत वृषालीचं ऑफिस होतं. सहा माणसं आणि एक अ‍ॅप, नाव ‘आडवं-उभं’. रोज सकाळी सहा वाजता मराठी शब्दकोडं. बेचाळीस हजार लोक ते सोडवायचे आणि त्यातले बहुतेक साठी उलटलेले. मालक सुकुमार मगदूम. माणूस मनाने मोठा, पण धीर नावाची वस्तू त्याच्याकडे कधी नव्हतीच. कोडी रचायचे स्वतः अण्णा. बुधगावच्या घरी एकटेच राहायचे, चौकोनी वहीत कोडं आखायचे आणि फोटो काढून पाठवायचे. कुणी त्यांच्या शोधसूत्रात ऱ्हस्वदीर्घाची चूक काढली, तर दोन दिवस त्यांना जेवण गोड लागत नसे.

बाप-लेकीचं नेहमीच असं गुळपीठ नव्हतं. आई गेल्यावर वृषालीने काळजीपोटी अण्णांच्या फोनमध्ये गुपचूप एक सोय करून ठेवली होती. अण्णा किती चालले, कितीदा उठले, फोन कधीपासून हलला नाही, सगळं तिला ऑफिसात बसून दिसायचं. पुढे एका रविवारी ती बोलून गेली, “काल चारदा उठलात, पोट बिघडलंय का?” अण्णांनी चहाचा कप खाली ठेवला. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“वृषा, मी काय वर्गातला पोरगा आहे, माझी हजेरी घ्यायला?” एवढंच म्हणाले, आणि फोन एका कापडी पिशवीत घालून तिच्या हातात दिला.

चार महिने त्यांनी फोन वापरला नाही. निरोप शेजारच्या बिरनाळेकाकूंकडे. त्या चार महिन्यांत वृषालीला जे कळलं, ते तिला कुठल्या कॉलेजात शिकवलं नव्हतं. काळजी खरी असली म्हणून चोरून बघणं खरं ठरत नाही. मग ‘आडवं-उभं’ सुरू झालं तेव्हा तिने त्याची घडणच वेगळी केली आणि ती समजावून द्यायला आधी बुधगावला गेली.

अ‍ॅपला माहिती तर लागतेच. कोडं कुठे अडतं, कुठला शब्द कुणालाच येत नाही, हे कळलं नाही तर कोडं सुधारणार कसं? पण कोण अडलं हे कळायची गरज नसते. वृषालीने उदाहरण मुद्दाम अडचणीचं घेतलं: किती लोक मागच्या पानावरचं उत्तर चोरून बघतात?

“सरळ विचारलं तर कोण कबूल करील?” अण्णा म्हणाले.

म्हणून फोन आधी स्वतःशीच नाणं उडवतो, तिने सांगितलं. छापा आला तर खरं उत्तर पाठवायचं. काटा आला तर पुन्हा नाणं उडवायचं आणि त्यात जे येईल ते हो किंवा नाही बेलाशक पाठवून द्यायचं. आता अण्णांच्या फोनकडून ‘हो’ आलं, तरी ते अण्णांचं की नाण्याचं, हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. पण हजार माणसं धरली तर निम्म्यांचं उत्तर नाण्याचं, त्यातले अडीचशे ‘हो’ फुकटचे. समजा एकूण चारशे ‘हो’ आले. अडीचशे वजा केले, उरले दीडशे. ते खरं बोलणाऱ्या पाचशेंमधले. म्हणजे शंभरातले तीस लोक चोरून बघतात. गर्दीचं खरं कळलं, माणसाचं झाकलेलं राहिलं.

अण्णांनी वहीत आकडेमोड करून पाहिली. मग बराच वेळ हसत राहिले. म्हणाले, म्हणजे मी चोरून बघितलं तरी मला ताठ मानेने नाही म्हणता येतं. अ‍ॅपच्या पहिल्या पानासाठी ओळ त्यांनीच दिली: ‘तुमचं तुमच्यापाशी.’ आणि कापडी पिशवीतला फोन परत मागून घेतला.

पुढची तीन वर्षं छान गेली. मग मिरजेहून डॉ. नसीम शिकलगार ऑफिसात आल्या.

डॉक्टरबाई मेंदूच्या. वय पन्नाशीच्या आसपास, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याने आपोआप ताठ बसावं. त्यांनी सांगितलं ते थोडक्यात असं. वय वाढतं तसा मेंदू थोडा आकसतो, आणि त्याच्यावरच्या बारीक शिरा ताणल्या जातात. अशात कपाटाच्या दाराला वगैरे डोकं जरासं आपटलं तरी एखादी शीर फाटते. रक्त थेंबथेंब झिरपतं, आठवडेच्या आठवडे, आणि मेंदूवर साकळत जातं. माणूस सुस्तावतो, शब्द शोधतो, चालताना डुलतो. घरचे म्हणतात, वय झालं. वेळेत कळलं तर कवटीला छोटं भोक पाडून रक्त काढतात आणि माणूस दुसऱ्या दिवशी गप्पा मारतो. वेळेत कळलं नाही, तर.

“तर माझ्याकडे बेशुद्ध येतो,” त्या म्हणाल्या.

बाईंनी आपल्या रुग्णांच्या संमतीने त्यांचे फोन तपासले होते आणि त्यात त्यांना एक मजेदार गोष्ट सापडली होती. फोनवर मराठी लिहिताना आधी ‘क’ उमटतो, मग त्याला वेलांटी. निरोगी माणसाच्या मनात मात्र ‘की’ हा एकच आवाज असतो, त्यामुळे अंगठा दोन्ही एका दमात मारतो. मेंदूवर दाब येऊ लागला की तो आवाज सुटा होतो. अक्षर येतं, अंगठा थबकतो, मग मात्रा येते. तो क्षण माणसाला स्वतःला जाणवत नाही, घरच्यांना तर नाहीच. पण फोनला तो मोजता येतो. अक्षर आणि मात्रा यांच्यामधल्या या विलंबाला बाई ‘थांबा’ म्हणायच्या. हा थांबा दिवसेंदिवस वाढत गेला, की दोन-तीन आठवड्यांत पुढचं दुखणं ठरलेलं. आणि बेचाळीस हजार म्हातारी माणसं रोज सकाळी काना-मात्रा लिहितात, अशी जागा अख्ख्या महाराष्ट्रात एकच होती. बाईंच्या अंदाजाने त्यातल्या पंचवीसेकांना दर वर्षी हे दुखणं होत असणार.

“नावं द्या,” बाई म्हणाल्या.

वृषालीने सांगितलं की नावं नाहीतच. आणि नाण्याची अडचण अशी, की चोरून बघणारे हजारो असतात म्हणून ते गर्दीत दिसतात. दोन-चार माणसं नाण्यांच्या गोंधळात पार बुडून जातात. सुकुमारने टेबलावर हात आपटला. म्हणाला, मग नाणं काढून टाक, लोकांचे जीव मोठे की तुझं नाणं? त्याचं अगदीच चुकत होतं असं नाही, आणि तेच वृषालीला जड जात होतं. खाली प्रेसचं मशीन तेवढं खडखडत होतं.

शेवटी तिला कापडी पिशवी आठवली. माहिती इकडे आणायचीच कशाला? डॉक्टरबाईंचा नियम तिकडे पाठवू. प्रत्येक फोन आपल्या मालकाचा थांबा स्वतः मोजेल, पंधरा दिवसांपूर्वीच्या त्याच माणसाशी ताडून बघेल, आणि काही वावगं दिसलं तर फक्त मालकाला सांगेल. ऑफिसला नाही, मिरजेला नाही, लेकीला तर नाहीच नाही.

“आणि त्याने ऐकलं नाही तर?” बाईंनी विचारलं.

वृषाली म्हणाली, “तर ते त्याचं आहे.”

पहिला प्रयोग आपटला. ज्येष्ठ नागरिक संघातल्या तीस जणांच्या फोनवर त्यांनी चाचणीचा संदेश पाठवला: ‘आपली प्रकृती तपासून घ्या.’ सत्तावीस जणांनी तो न वाचताच पुसला. दोघांनी अ‍ॅप काढून टाकलं. एक निवृत्त फौजदार ही फसवणूक कोण करतंय ते शोधत थेट ऑफिसात आले आणि दोन तास बसले. लोकांचं चुकलं नव्हतं. अशा संदेशांना भुलू नका, हे त्यांना दहा वर्षं घोकून घोकून शिकवलं होतं.

हे ऐकून अण्णा म्हणाले, “फोनवरच्या संदेशावर कुणी विश्वास ठेवत नाही गं. कोड्यावर ठेवतात. मी कोडं करतो.”

आठ दिवस त्यांनी त्या एका कोड्यावर घालवले. आडवं एक, दोन अक्षरी: ‘आपटलं तरी आपण कुणाला सांगत नाही.’ उत्तर, डोकं. मग तीन अक्षरी: ‘तोल गेला की जिच्यावर खापर फोडतो.’ फरशी. दोन अक्षरी: ‘दुखणं लपवायला सगळ्यांत सोयीचं कारण.’ वय. तीन अक्षरी: ‘डॉक्टरांकडे कधी? उद्या नव्हे.’ आजच. असं करत करत सोडवणाऱ्याला कळून यावं की हे कोडं आपल्याविषयीच आहे. आणि तळाला एक शोधसूत्र: ‘खरं आज कुणाला सांगाल? (३)’ त्याच्यापुढे तीन मोकळी घरं.

वृषालीने हरकत घेतली. याचं उत्तर काय? ज्याला ठरलेलं उत्तर नाही, ते कोडं कसलं?

अण्णा म्हणाले, काहीही बसतं बघ. मुलगा, मुलगी, बायको, नवरा, बहीण, जावई, शेजारी. डॉक्टरसुद्धा तीन अक्षरीच. आपल्या भाषेने सोय करून ठेवलीय. फोनने ते तपासायचं नाही, कुणाला पाठवायचंही नाही. माणसाने नुसतं लिहिलं, तरी निम्मं सांगून होतं.

ते कोडं बेचाळीस हजार फोनांत जाऊन बसलं; ज्याचा थांबा वाढेल त्यालाच ते एखाद्या सकाळी रोजच्या कोड्याऐवजी दिसणार होतं. बसण्याआधी प्रत्येकाला विचारलं, तुमच्यावर असं लक्ष ठेवू का, हो की नको. किती जण हो म्हणाले तेही नाण्यातूनच कळलं, शंभरातले नव्वदच्या आसपास. अण्णा त्या नव्वदांत की दहांत, हे वृषालीला माहीत नव्हतं आणि विचारायचं तोंड तिला नव्हतं.

दोन महिन्यांनी डॉ. शिकलगारांचा फोन आला. आवाजात कधी नव्हे ते हसू. पलूसचे एक गृहस्थ स्वतःच्या पायांनी चालत आले होते. काय होतंय विचारलं, तर म्हणाले, काही नाही, कोडं आलं म्हणून आलो. तपासलं तर डावीकडे दोन बोटं जाडीचं रक्त. ते आता घरी होते आणि बायकोवर खेकसत होते, म्हणजे अगदी ठणठणीत. पुढच्या महिन्यात ऑफिसात एक खोकं आलं. आत तासगावचे बेदाणे, पाच किलो. सोबत चिठ्ठी: ‘आमची आई बोलायला लागली.’ नाव नव्हतं, गाव नव्हतं. आणि ते बरोबरच होतं. सुकुमार ती चिठ्ठी हातात घेऊन खिडकीपाशी गेला आणि उगाचच प्रेसच्या मशीनला शिव्या घालत राहिला. परत आला तेव्हा डोळे लाल होते.

श्रावणातल्या एका रविवारी वृषाली बुधगावला गेली. अण्णा घरात टोपी घालून बसले होते. तिने कारण विचारलं तर म्हणाले, वारं लागतं. चहात साखर दोनदा घातली. बोलताना मध्येच थांबले, “ते हे गं, आपलं ते,” म्हणत हवेत बोट फिरवलं, आणि शब्द न सापडताच विषय बदलला. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांना शब्द पुरवले, तो असा चाचपडत होता. तिने विचारलं, अण्णा, बरं वाटत नाही का? ते म्हणाले, चष्म्याचा नंबर वाढलाय.

सोमवारी तिने सुकुमारला सांगितलं. तो खुर्ची ओढून जवळ बसला आणि हळू आवाजात म्हणाला, “प्रोग्रॅमची एक ओळ आहे गं फक्त. अण्णांच्या फोनपुरती सोड. मोजलेला थांबा आजच्या आज दिसेल. मी चहाला चाललोय, मी काही बघितलं नाही.” आणि तो खरंच चहाला गेला.

ती ओळ कुठे लिहायची हे वृषालीला डोळे मिटून ठाऊक होतं. तिने ती लिहिलीसुद्धा. एक बटण दाबायचं राहिलं होतं. दाबलं तर अण्णांचं दुखणं कळेल, वाचतीलही कदाचित. आणि पुन्हा एकदा त्यांची हजेरी घेतली जाईल, त्यांनीच दिलेल्या ‘तुमचं तुमच्यापाशी’च्या आडून. नाही दाबलं, आणि अण्णांनी ‘नको’ म्हटलं असलं, किंवा कोडं आलं आणि त्यांनी ते झाकून ठेवलं, तर ती स्वतःला कधीही माफ करू शकणार नव्हती. सुकुमार परत आला तेव्हा तिने ओळ पुसलेली होती आणि ती टेबलावर डोकं टेकून रडत होती.

संध्याकाळी ती पुन्हा बुधगावला गेली. आता युक्त्या संपल्या होत्या, म्हणून सरळच बोलली. “अण्णा, मला भीती वाटतेय. मी काही बघितलेलं नाही, बघणारही नाही. पण तुम्हाला काही होत असेल तर मला सांगा.” अण्णांनी टोपी सारखी केली. तिच्याकडे बघून हसले आणि म्हणाले, जेवून जा. ती जेवली आणि निघाली.

बुधवारी सकाळी साडेसातला ती डबा भरत असताना फोन वाजला.

“वृषा,” अण्णा म्हणाले आणि थांबले. नेहमीसारखं शब्दासाठी नाही, नुसतेच थांबले. “आज मला माझंच कोडं आलंय.”

तिच्या हातातली पोळी ताटात पडली.

“महिना झाला. माळ्यावरचा पेटारा काढताना तुळईला आपटलो. तुला सांगितलं तर परत माझ्यावर पाळत ठेवशील, म्हणून नाही सांगितलं. उत्तरं तर सगळी पाठच आहेत. शेवटची तीन घरं तेवढी भरायला घेतली. तुझं नाव गं. पहिलं अक्षर जमलं. पण तिन्हींना काहीतरी लटकलंय त्या नावात, अंगठा काही पुढे जाईना. म्हटलं, फोनच करावा.”

“अण्णा, बसून राहा. मी आलेच,” वृषाली म्हणाली.

सुकुमारने गाडी काढली. ती अशी हाणली की एरवी वृषालीने त्याला झापलं असतं. बिरनाळेकाकूंनी अण्णांना धरून अंगणात आणून बसवलं होतं. साडेनऊला ते मिरजेत होते, अकराला तपासणी झाली, दुपारी ऑपरेशन. डॉ. शिकलगार बाहेर आल्या तेव्हा त्यांनी तोंडावरची पट्टी काढली आणि पहिल्यांदा वृषालीचा हात हातात घेतला. आणखी चार-पाच दिवस गेले असते तर अवघड होतं, असं म्हणाल्या. मग म्हणाल्या, त्या दिवशी मी नावं मागितली होती ना, नाव त्यांनी स्वतःच दिलं.

वृषालीला कुणाकुणाचे आभार मानावेत ते समजेना. डॉक्टरबाईंचे मानले, सुकुमारचे मानले, बिरनाळेकाकूंचे तर पाय धरायला गेली. नाण्याचेही मनातल्या मनात मानले. पण सगळ्यांत मोठे आभार ज्यांचे होते, ते आत झोपले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा उशीला टेकून बसले होते. डोक्याचा गोटा, त्यावर पट्टी, आणि नर्सबाईंच्या फळ्यावर ‘रुग्न’ लिहिलंय ही तक्रार सुरू. म्हणजे माणूस परत आला होता. त्यांनी फोन मागितला. चष्मा लावला. कालचं कोडं अर्धवट राहिलेलं त्यांना चालण्यासारखं नव्हतं.

वृषाली खुर्ची वळवून भिंतीकडे तोंड करून बसली. पाठीमागे अंगठ्याची टकटक ऐकू येत होती. अक्षर, काना. अक्षर, वेलांटी. मध्ये थांबा नव्हता.

“अशी का बसलीस?”

“मी बघत नाहीये,” ती म्हणाली.

“बघ की,” अण्णा म्हणाले आणि फोन तिच्यापुढे धरला. “मीच दाखवतोय.”